खाडाखोडीचा कागद

(दृश्य : हस्तलिखित पान, अगदी जवळून)

तारीख १७ फेब्रुवारी १८६९. आजच्या कॅलेंडरप्रमाणे १ मार्च. गाव रशियातलं सेंट पीटर्सबर्ग, अक्षर रसायनज्ञ दिमित्री मेंडेलीव्हचं. वर्गाच्या भिंतीवरची आवर्तसारणी रेखीव असते. हे पान तसं नाही. आकडे खोडलेत, पुन्हा लिहिलेत, एका रांगेतून उचलून दुसरीत बसवलेत. सारणी मेंडेलीव्हला स्वप्नात दिसली, असं हौसेनं सांगतात. या पानावरून तरी तो जागाच दिसतो.

(दृश्य : काचेच्या पेटीतला रासायनिक तराजू)

त्या वेळी ६३ मूलद्रव्यं माहीत होती. ती अणुभाराच्या चढत्या क्रमानं लावायची, एवढं ऐकायला सोपं. पण अणुभार तराजूवर मिळत नाही. तराजू एवढंच सांगतो, की ऑक्सिजनच्या ८ भागांशी या मूलद्रव्याचे किती भाग संयोग पावतात. हा झाला सममूल्य भार. त्याला संयुजेनं, म्हणजे एक अणू किती बंध जोडू शकतो त्या आकड्यानं, गुणलं की अणुभार. संयुजा चुकीची धरली, तर वजन कितीही काटेकोर केलेलं असो, मूलद्रव्य भलत्याच घरात जाऊन बसतं.

१८६० पर्यंत तर मापंही एक नव्हती. ऑक्सिजन कुणाच्या वहीत ८, कुणाच्या वहीत १६. कार्बन ६ किंवा १२. त्या वर्षी सप्टेंबरात कार्ल्सरूहे इथं रसायनज्ञांची परिषद भरली, स्तानिस्लाव कानिझारोची पुस्तिका वाटली गेली, आणि अणुभारांचा एकसारखा हिशेब हाती आला. श्रोत्यांत मेंडेलीव्ह होता, लोथार मायरही होता. दोघांच्या सारण्या या पुस्तिकेतूनच निघाल्या, असं म्हणायला हरकत नाही.

लंडनमध्ये जॉन न्यूलँड्सला दर आठव्या मूलद्रव्याशी गुण परतताना दिसले. कॅल्शिअमपर्यंत हिशेब छान चालतो. पुढे मूलद्रव्यं मावेनात, म्हणून कोबाल्ट आणि निकेल त्यानं एकाच घरात कोंबले. १८६६ मध्ये केमिकल सोसायटीत त्याला विचारलं गेलं, की मूलद्रव्यं आद्याक्षरांच्या क्रमानं लावून पाहिलीत का? टोमणा कडू होता. पण खरी अडचण ही, की त्यानं रिकामी घरं सोडली नव्हती.

(दृश्य : १८६९ ची छापील सारणी, कॅमेरा प्रश्नचिन्हांवरून सरकतो)

मेंडेलीव्हनं ती सोडली. इथं पाहा : ‘? = ४५’, ‘? = ६८’, ‘? = ७०’. आणि जी घरं भरलेली होती, त्यांतले आकडेही त्यानं तपासायला घेतले.

बेरिलिअम घ्या. सममूल्य भार ४.७. संयुजा ३ धरली तर अणुभार १४.१, म्हणजे थेट नायट्रोजनच्या घरावर. तिथं जागा नाही, आणि गुणही जुळत नाहीत. संयुजा २ धरली की ९.४, लिथिअम ७ आणि बोरॉन ११ यांच्या मधोमध. इंडिअमचा प्रकार उलटा. ३७.८ दुणे ७५.६, म्हणजे आर्सेनिक ७५ आणि सेलेनिअम ७९ यांच्या फटीत. छापताना त्यालाही प्रश्नचिन्ह लागलं. पुढे संयुजा ३ धरली, ३७.८ त्रिक ११३.४ झाले, आणि इंडिअम कॅडमिअम व कथिल यांच्यामध्ये चपखल बसलं. युरेनिअम १२० वरून थेट २४० वर गेलं.

(दृश्य : तळहातावर वितळणारं गॅलिअम)

२९.८ अंश सेल्सिअसला वितळणारं हे गॅलिअम, ‘? = ६८’ वालं. मेंडेलीव्हनं आधी त्याला संस्कृत ‘एक’ जोडून एका-ॲल्युमिनिअम म्हटलं होतं. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये ते सापडलं; शोधणाऱ्या लकॉक द ब्वाबोद्राँनं घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्हनं धातू न पाहताच कळवलं, की ती ५.९ च्या आसपास असायला हवी. नमुना शुद्ध करून पुन्हा मोजली, तर ५.९. स्कँडिअम १८७९ मध्ये मिळालं, जर्मेनिअम १८८६ मध्ये.

एका ठिकाणी मात्र त्याचा हात चुकला. टेल्युरिअमचा अणुभार आयोडीनपेक्षा कमीच असणार, असं मानून त्यानं १२८ चा १२५ केला. आजचं माप टेल्युरिअम १२७.६, आयोडीन १२६.९. वजन बरोबर होतं. वजनावर क्रम लावणं, हीच गफलत होती.

(दृश्य : क्ष-किरणांच्या फोटोपट्ट्या, एकाखाली एक)

ही पायरी-पायरीची चित्रं १९१३ ची, मँचेस्टरच्या हेन्री मोझ्लीची. निर्वात नळीत धातूंचे तुकडे एका छोट्या गाडीवर मांडलेले, गाडी रेशमी दोरीनं ओढायची. प्रत्येक धातूवर इलेक्ट्रॉनांचा मारा, निघणारे क्ष-किरण स्फटिकावरून फोटोपट्टीवर. वारंवारतेचं वर्गमूळ दर घराला सारख्या टप्प्यानं वाढत गेलं. त्या टप्प्याचा नंबर म्हणजे अणुअंक. कोबाल्ट २७, निकेल २८, वजनं उलटी असली तरी. कोबाल्टच्या पट्टीत निकेल आणि लोखंडाच्या फिकट रेषा दिसतात, ती नमुन्यातली भेसळ. कॅल्शिअम आणि टायटॅनिअममध्ये एक पायरी मोकळी आहे. ती स्कँडिअमची, म्हणजे ‘? = ४५’ ची.

१० ऑगस्ट १९१५ ला गॅलिपोलीच्या लढाईत मोझ्ली मारला गेला, वय २७.

त्यानं मोकळी दाखवलेली ४३, ६१ आणि ७५ ही घरं नंतर भरली. ७५, ऱ्हेनिअम, १९२५ मध्ये खनिजात सापडलं. ४३, टेक्निशिअम, शोधून मिळेना. १९३७ मध्ये सायक्लोट्रॉनमध्ये (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात) मारा झालेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यातून ते वेगळं काढलं. ६१, प्रोमेथिअम, १९४५ मध्ये अणुभट्टीतल्या विखंडनाच्या अवशेषांत मिळालं.