आंब्याला कोड फुटलंय का?

हा बघा शेजारच्या काकांचा बांधावरचा आंबा, अंबाजोगाईकडं जाणाऱ्या रोडला अगदी लागून, आणि खोडावर हे राखाडी-पांढरे चट्टे दिसतायत ना, त्याला काका म्हणतात झाडाला कोड फुटलंय. मग काय, दर वर्षी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, फासायची आणि मोकळं व्हायचं.

पण हे कोड नाही, रोग तर नाहीच नाही. हे लायकेन आहे, आपल्या काळ्या मसाल्यात दगडफूल पडतं ना, त्याच्या भावकीतलं. भावकी जरा लांबची, म्हणजे लेकॅनोरोमायसीट्स हा वर्ग दोघांचा एकच, पण दगडफूल पार्मेलिएसी कुळातलं आणि हे कॅलिसिएसी कुळातलं, आधी याला फिसिएसीत धरायचे, नंतर घर बदललं. नाव पिक्सिन कोकोज. 1788 मध्ये स्वार्ट्झ नावाच्या स्वीडिश माणसानं याला लायकेन कोकोज म्हटलं, तेव्हा बहुतेक लायकेनांचं आडनाव लायकेनच असायचं, मग 1857 ला फिनलंडच्या नायलँडरनं त्याला पिक्सिन वंशात नेऊन बसवलं.

आता गंमत अशी की हा एक जीव नाहीच, आत दोघं राहतात. बुरशी घर बांधते आणि ट्रेबॉक्सिया नावाचं शेवाळ उन्हात अन्न तयार करतं, पण शास्त्रीय नाव मात्र बुरशीचंच लागतं. म्हणजे सातबारा बुरशीच्या नावावर आणि कसणारं शेवाळ, आपल्याकडं काय नवीन आहे का यात!

जरा जवळून बघा. सालीला घट्ट चिकटलेल्या बारीक पाकळ्या, खालची बाजू काळी, वर पिठासारखी भुकटी, ती उडून दुसरीकडं पडली की तिथं नवीन चट्टा. मुळं नाहीत, झाडातून काही घेत नाही, जे काय मिळतं ते हवेतून आणि पावसातून. मे महिन्यात पार कोरडं होऊन निपचित पडतं, पाणी शिंपडलं की बघता बघता हिरवट होतं, आम्ही बाटलीतलं प्यायचं पाणी शिंपडून बघितलं.

राहायला याला मोकळं ऊन आणि न सोलणारी साल लागते. आंब्यावर जमतं, निलगिरीवर कसं जमणार, तिची साल सारखी गळून पडते. रोडची धूळ, धूरसुद्धा सहन करतं आणि त्यातले जड धातू अंगात साठवून ठेवतं, म्हणून लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या लोकांनी हवा तपासायला याचाच वापर केला.

रात्री काकांना नोटा तपासायची जांभळी टॉर्च दिली. खोडावर मारली तर चट्टे पिवळेजर्द चमकले, लायकेक्झँथोन नावाचं द्रव्य असतं त्यात, त्याचा हा उजेड. काका एकदम गप्प. मग टॉर्च घेऊन बांधभर फिरले आणि तिसऱ्या झाडाखाली ओरडले, इथं एक हिरवं चमकतंय. तो विंचू होता.