भाड्याच्या कॅनूतून शहरातील कालवे

ज्यांनी आजवर हातात वल्हे धरलेले नाही अशा दोन माणसांनी एखाद्या शहरात तासांच्या हिशेबाने कॅनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची लांबट, हलकी होडी, भाड्याने घ्यावी, तिथल्या कालव्यांतून मनसोक्त फिरावे आणि सुखरूप धक्क्याला परत यावे, हे अगदी शक्य आहे. त्यासाठी खेळाडूचे शरीर लागत नाही आणि महिनाभराची शिकवणीही लागत नाही. मात्र नवखा माणूस आपले सगळे लक्ष होडीकडे लावतो आणि कालव्याकडे फार उशिरा पाहतो, असे मला नेहमी दिसते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. होडी चालवण्याचे जुजबी ज्ञान अर्ध्या तासात मिळते. कालवा समजून घेतलेला असेल तर तेवढे ज्ञान पुरते, आणि नसेल तर पुष्कळ कौशल्यही अपुरे पडू शकते.

नदी आपल्या उताराने वाहते, कालवा कोणीतरी खोदलेला असतो. त्याची रुंदी, खोली, वळणे, पुलांची उंची आणि पाण्याची पातळी या सगळ्या गोष्टी बहुतेक ठिकाणी मालवाहू नावांच्या सोयीसाठी ठरवलेल्या असतात. त्या नावांना गोदामाला भिडून उभे राहायचे असे, म्हणून काठ उभे आणि दगडी बांधले गेले. पाण्यात पडलेल्या माणसाने वर कसे चढावे हा प्रश्न त्या बांधणीत फारसा नव्हताच. त्यामुळे शहरी कालव्याचा स्वभाव दुहेरी असतो. पाणी जवळजवळ स्थिर असल्याने वल्ह्याची चूक ते पोटात घालते. काठ मात्र घालत नाहीत. म्हणून होडी ताब्यात घेण्यापूर्वी ठरवलेल्या मार्गाच्या काठाने एकदा पायी चालून यावे, असे मी आग्रहाने सांगतो. भिंतीत शिड्या कुठे बसवल्या आहेत, काठ कुठे पाण्यालगत उतरतो, कोणत्या पुलाखाली कालवा अरुंद होतो, प्रवासी बोटी कुठे वळतात आणि वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे, हे सगळे पायी चालताना निवांतपणे कळते. होडीत बसल्यावर हीच माहिती घाईघाईत गोळा करावी लागते.

या दृष्टीने इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे मला सर्वांत बोलके उदाहरण वाटते. तिथला पहिला कालवा १७६९ साली सुरू झाला. अभियंता जेम्स ब्रिंडली याने तो जमिनीच्या समपातळीचा माग काढत, टेकड्यांना वळसे घालत नेला, कारण चढउतार टाळला की खर्च आणि पाणी दोन्ही वाचत. पुढे १८२० च्या दशकापासून अभियंता थॉमस टेलफर्ड याच्या आखणीनुसार तोच मार्ग सरळ आणि रुंद करण्यात आला. जुन्या कालव्याची काही वळणे मात्र बाजूला फाट्यांसारखी शिल्लक राहिली. आज नवख्या माणसासाठी या इतिहासाचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. सरळ, लांब कालव्यात वाऱ्याला अडवायला काही नसते, आणि उघड्यावर असलेली हलकी कॅनू वाऱ्याने सहज आडवी फिरते. वळणावळणाच्या जुन्या फाट्यांत वारा तुटतो आणि रहदारीही कमी असते. कुठल्याही शहरात नकाशा पाहताना सरळ रेषा आणि वाकडी रेषा यांतला हा फरक आधी पाहावा. ज्याला सराव नाही त्याने वाकडी रेषा निवडावी.

बर्मिंगहॅममध्येच, शहराच्या मध्यभागी, फार्मर्स ब्रिज येथे एकापाठोपाठ तेरा लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला चिंचोळा हौद. त्यात पाणी भरून किंवा सोडून नावेला वरच्या अथवा खालच्या पातळीवर नेतात. मोठी नाव त्यात शांतपणे उभी राहू शकते, पण उघड्या कॅनूसाठी ती जागा नाही. पाणी आत सोडताना ते उसळते आणि हलकी होडी भिंतीवर आदळते. पाणी उतरताना होडीचे टोक दरवाज्यापाशी असलेल्या दगडी उंबऱ्यावर अडकून ती उलटू शकते. म्हणून लॉक आला की होडी पाण्याबाहेर काढून, उचलून पलीकडे न्यायची असते. दोघांची उघडी कॅनू साधारण पाच मीटर लांब आणि बहुधा पंचवीस ते पस्तीस किलो वजनाची असते. ती एकदा उचलणे जमते, पण एका दुपारी तेरा वेळा उचलण्याची हौस फारच थोड्यांना असेल. नवख्याने एकाच पातळीवरचा, लॉक नसलेला टप्पा निवडावा. जिथे जादा पाणी बांधावरून खाली पडते त्या सांडव्याच्या मात्र आसपासही जाऊ नये. संथ कालव्यात पाण्याला खरी ओढ असते ती अशाच ठिकाणी, आणि होडीच्या खालच्या पातळीवरून पाहणाऱ्याला पाणी पलीकडे खाली पडते आहे हे दिसतही नाही.

काठाची उंची हा दुसरा मुद्दा. नेदरलँड्समधील उट्रेख्ट शहरात औदेख्राख्त या जुन्या कालव्याला दोन मजले आहेत म्हटले तरी चालेल: वर रस्ता, आणि खाली पाण्यालगत फरसबंद धक्के, ज्यांच्या मागे तळघरे आहेत. मध्ययुगीन व्यापाऱ्यांनी माल थेट तळघरात नेता यावा म्हणून केलेली ही रचना आज होडीत चढण्याउतरण्यासाठी फार उपयोगी ठरते. व्हेनिसमध्ये याच्या उलट परिस्थिती आहे. तिथे भरती-ओहोटीमुळे पाण्याची पातळी खालीवर होते, आणि सकाळी ज्या पुलाखालून सहज जाता आले तिथे भरतीच्या वेळी डोके वाकवावे लागू शकते. शिवाय तिथल्या ग्रँड कॅनॉल या मुख्य कालव्यात कॅनू आणि कयाक (दोन पात्यांच्या वल्ह्याने चालवायची होडी) यांना बंदी आहे. अशी बंदी पर्यटकांना जाचक वाटते. माझ्या मते ती योग्य आहे, कारण प्रवासी बोटी, मालवाहू नावा आणि टॅक्सी-बोटी यांच्या सततच्या लाटांत हलक्या होडीला जागाच उरत नाही.

भाड्याने देणाऱ्याकडे गेल्यावर होडीचा रंग पाहण्याआधी प्रश्न विचारावेत. कोणत्या कालव्यांत जायला परवानगी आहे, परवाना लागत असेल तर तो भाड्यात धरलेला आहे का, उशीर झाल्यास काय, अनामत रक्कम कोणत्या नुकसानीसाठी कापली जाते, आणि अडचण आल्यास कोणत्या क्रमांकावर संपर्क साधायचा, हे आधी कळले पाहिजे. लाइफ जॅकेट आपल्या मापाचे आहे की नाही, हे अंगात घालून, पट्टे आवळून, खांद्यांपाशी वर ओढून तपासावे. ते कानांपर्यंत सरकत असेल तर दुसरे मागावे. पोहता येणाऱ्यानेही ते घालावे. नवख्या जोडीचा वेग, थांबे आणि चुका धरून, तासाला तीन किलोमीटरच्या आसपासच राहतो. दोन तासांसाठी होडी घेतली असेल तर पन्नासाव्या मिनिटाला, आपण कुठेही असलो तरी, मागे फिरावे. जाताना वाऱ्याविरुद्ध जावे, म्हणजे थकलेल्या हातांना परतीच्या वाटेवर वारा साथ देतो.

होडी सर्वांत जास्त डळमळते ती चढताना आणि उतरताना. धक्क्यावर बसावे, होडी काठाला समांतर धरावी, एका हाताने धक्का आणि दुसऱ्या हाताने होडीची कड धरून, पाय बरोबर मधल्या रेषेवर ठेवून खाली सरकावे; एकाने चढेपर्यंत दुसऱ्याने होडी धरून ठेवावी. उभ्याने चालत जाऊन जागा गाठण्याचा मोह टाळावा. ज्याचे वजन जास्त आहे त्याने मागे बसावे, म्हणजे पुढचे टोक किंचित उचललेले राहते आणि होडी सरळ चालते. होडी डगमगू लागली तर कड घट्ट पकडून एका बाजूला कलण्यापेक्षा गुडघे तळाला टेकवून खाली बसावे. शरीराचे वजन खाली गेले की होडी आपोआप स्थिर होते.

आता वल्हवण्याविषयी बोलतो, आणि इथे थोडा जास्त वेळ घेतो, कारण बहुतेक जोड्यांची भांडणे याच ठिकाणी होतात. कॅनूचे वल्हे एकाच पात्याचे असते. एक हात वल्ह्याच्या वरच्या मुठीवर आणि दुसरा दांड्यावर, पात्याच्या थोडा वर. दोन्ही हात दांड्यावर ठेवून झाडू मारल्यासारखे पाणी ढकलणारी माणसे लवकर थकतात. पाते पुढे, होडीच्या अंगालगत, उभे बुडवावे. कमरेतून फिरत ते मागे ओढावे आणि कमरेशी आले की बाहेर काढावे. त्यापुढे ओढलेले पाणी होडीला पुढे नेत नाही, फक्त वळवते. दोघांनी विरुद्ध बाजूंना, एकाच लयीत वल्हवावे आणि लय पुढच्याने ठरवावी, कारण मागच्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही.

एवढे करूनही होडी हळूहळू एका बाजूला वळतच राहते आणि दोघांनाही वाटते की चूक दुसऱ्याची आहे. चूक कोणाचीच नसते. होडी पुढे जाऊ लागली की पाण्याचा दाब तिच्या पुढच्या टोकाला धरून ठेवतो, तिचा फिरण्याचा बिंदू पुढे सरकतो, आणि त्यामुळे मागच्या माणसाच्या वल्ह्याला वळवण्याची ताकद जास्त मिळते. मागचा माणूस डावीकडे वल्हवत असेल तर होडी उजवीकडे झुकते. यावरचा उपायही मागच्याकडेच असतो: ओढ संपताना पाते पाण्यातच उभे ठेवून क्षणभर बाहेरच्या बाजूला दाबायचे. सरावलेले लोक हे एका सलग हालचालीत करतात. नवख्याने ते दोन वेगळ्या हालचालींत केले तरी चालते. होडी थांबवण्यासाठी दोघांनी उलटे वल्हवायचे, आणि ही गोष्ट निघाल्यावर पहिल्याच शंभर मीटरांत करून पाहावी.

रहदारीचा साधा नियम असा, की बहुतेक जलमार्गांवर उजव्या बाजूने जातात आणि मोठ्या नावेला वाट देतात. मोठी नाव चटकन थांबू शकत नाही, आणि तिच्या पुढच्या टोकाजवळची बरीच जागा चालकाला दिसत नाही. त्याने आपल्याला पाहिले असेल असे गृहीत धरू नये. युरोपातील अंतर्गत जलमार्गांवर लाल-पांढरी-लाल आडव्या पट्ट्यांची पाटी म्हणजे प्रवेश बंद. पुलाच्या कमानीवर एक पिवळा चौकोन टोकावर उभा लावलेला असेल तर त्या कमानीतून दोन्ही दिशांची वाहतूक येते. असे दोन चौकोन असतील तर समोरून कोणी येत नाही. भोंग्याचा एक आखूड आवाज म्हणजे नाव उजवीकडे वळते आहे, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे ती मागे येते आहे. पुलाखालचे वळण आंधळे असते. तिथे वेग कमी करून, आवाज देऊन पुढे जावे. नांगरलेल्या दोन नावांच्या, किंवा नाव आणि भिंत यांच्या फटीत होडी कधीही घालू नये.

मोटरबोट गेली की मागे लाटा येतात. नदीत त्या काठावर विरून जातात, पण कालव्यात उभ्या भिंतींवर आपटून परत येतात आणि येणाऱ्या लाटांशी एकमेकींत मिसळून पाणी वेडेवाकडे उसळते. अशा वेळी पुढचे टोक लाटेकडे तिरपे वळवून, गुडघे टेकवून, हळू वल्हवत राहावे. वल्हे पाण्यात असले की होडीला आधार मिळतो; घाबरून वल्हे वर उचलणारी माणसे तो आधार स्वतःच काढून घेतात.

तरीही होडी उलटली तर पहिले मिनिट श्वासाचे असते. पंधरा अंशांहून थंड पाण्यात अंग पडले की धाप लागते आणि श्वास आवरत नाही. तो ताळ्यावर येईपर्यंत होडीला धरून तरंगत राहावे, दुसरे काही करू नये. त्यानंतर होडीसह जवळच्या शिडीकडे जावे. काठावर पाहून ठेवलेल्या त्या शिड्या इथे उपयोगी पडतात. तळाला पाय टेकवण्याचा प्रयत्न करू नये. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतून दरवर्षी १२,००० ते १५,००० सायकली बाहेर काढल्या जातात, यावरून शहराच्या पाण्याखाली काय असू शकते याची कल्पना यावी. पायात घट्ट बसणारे, भिजले तरी चालतील असे बूट घालायचे ते याचसाठी.

पाणी स्वच्छ दिसले तरी ते पिण्याजोगे किंवा जखमेवर येऊ देण्याजोगे नसते. जोराच्या पावसानंतर अनेक जुन्या शहरांत सांडपाणी कालव्यांत उतरते, म्हणून त्यानंतरचे एकदोन दिवस फेरी पुढे ढकलावी. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस साध्या ओरखड्यातूनही शरीरात शिरू शकतो. जखमा आधी जलरोधक पट्टीने झाकाव्यात आणि परतल्यावर, काही खाण्यापूर्वी, हात साबणाने धुवावेत. पुढच्या तीनचार आठवड्यांत ताप आणि अंगदुखी आली तर आपण कालव्याच्या पाण्यात होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे, कारण ते विचारतीलच असे नाही, आणि हा आजार वेळेत ओळखला तर प्रतिजैविकांनी बरा होतो.

होडी परत करताना तळात साचलेले पाणी आणि अडकलेली पाणवनस्पती तिथेच काढून टाकावी. ब्रिटन आणि नेदरलँड्समधील कालव्यांत बाहेरून आलेल्या पाणवनस्पतींनी मोठे टप्पे झाकून टाकले आहेत, आणि त्यांचा लहानसा तुकडाही होडीबरोबर दुसऱ्या कालव्यात गेला की तिथे रुजतो. कुठे आदळलो असू, कुठे ओरखडा गेला असेल, तर तेही धक्क्यावरच सांगावे. पुढची जोडी त्याच होडीत बसणार असते.