दोन फरशा

(नागपूर, सीताबर्डी. वरून मेट्रो जाते. खाली जिना.)

सीताबर्डीच्या इंटरचेंज स्टेशनपासून चालत पाच मिनिटं. दुसरा मजला, अकरा टेबलं, एक कूलर. हिशेबाचं ऑफिस.

(फरशी, जवळून.)

ही फरशी बघा, दोन-दोन फुटांची. तिसऱ्या फरशीच्या सांध्यावर काळे बूट येऊन थांबतात. रोज तिथंच. चेहरा दाखवू नका, बूट चालतील, असं तोच म्हणाला.

आधी हे बूट थेट ताईंच्या खुर्चीला टेकायचे. मानेवर श्वास लागावा इतक्या जवळ तो उभा, आणि सोबत जीएसटीचा प्रश्न, कालचाच. शिवाय रात्री अकराला मेसेज. ताईंनी खुर्ची पुढं ओढून पाहिली, उसासे टाकले. शेवटी टोमणा मारला, "काऊन रे, माझ्या मागं काही दिसते का तुले?" त्यानं नीट वाकून पाहिलं. "नाही," म्हणाला.

(डबे उघडतात.)

त्याचं निदान डब्याच्या सुट्टीत झालं. 'ऑटिस्टिक असंल.' कुणीतरी मोबाइलवर वाचलं होतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम त्यांतला एक. पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं असतं, मटकीची उसळ खाता खाता नाही. आणि समजा असलाच, तर ताईंनी मानेवरचा श्वास सोसत बसायचं?

(चहाचे ग्लास.)

एका सोमवारी ताईंनी त्याला बाजूला बोलावलं. चारचौघांत नाही. तेव्हा आमचा कॅमेरा नव्हता. दोघांनी आम्हाला एकेकट्यानं सांगितलं, आणि शब्द तेच निघाले.

"मागून नको येऊ, समोरून ये. सातनंतर मेसेज नको. कालचा प्रश्न असंल तर आधी वही पाय."

"किती दूर उभा राहू, ताई?"

हा प्रश्न त्याला कुणी कधी विचारू दिलाच नव्हता. ताईंनी खाली पाहिलं.

"दोन फरशा."

(वही, जवळून. '2', भोवती चौकोन.)

मेसेज आता सहा अठ्ठावन्नला येतो.

त्या सोमवारच्या आधीच त्याच्याबद्दल कुणाची तरी तक्रार वर गेली होती. त्याची यंदाची बढती हुकली.

(बूट. सांधा. ताईंची पाठ.)

ताई मान वर करतात.

"बोल."