जार पडायची वाट बघू नका, आधी चीक पाजा

राम राम मंडळी! कमेंटमध्ये सध्या एकच मागणी, 'दादा, वासराच्या हगवणीवर घरगुती उपाय सांगा.' कुणी डाळिंबाची साल विचारतंय, कुणी बेलफळ. सांगतो. पण आधी मला सांगा, वासरू जन्मल्यावर पहिला चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, किती वेळानं पाजला? इथं सगळे गप्प.

बाकीचं तुम्हाला माहीतच आहे. गोठा कोरडा, पाणी कायम समोर, जनावरं शक्यतो मोकळी, गोचीड वेचायला गोठ्यात गावरान कोंबड्या, आणि पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याची लस. हो, लससुद्धा! 'नैसर्गिक पद्धतीनं जनावरं सांभाळा म्हणता आणि लस कशी काय सांगता' असं लिहिणाऱ्या भावांनो, लाळ्या-खुरकुतानं जीभ सोललेला बैल एकदा बघून या, मग बोलू.

आता चीक. माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी प्रतिपिंडं आईच्या पोटातच मिळतात. गाई-म्हशीच्या जारेतून, म्हणजे वासरामागून पडणाऱ्या वारेतून, ती वासरापर्यंत पोचत नाहीत. ती सगळी चिकात असतात. आणि वासराचं आतडं ती जशीच्या तशी रक्तात घेतं ते फक्त सुरुवातीचे काही तास. तासागणिक हे दार मिटत जातं आणि २४ तासांत बंदच होतं. नंतर बादलीभर पाजा, पोट भरेल, रक्षण व्हायचं नाही. म्हणून पहिला चीक तासाभरात, उशिरात उशिरा दोन तासांत.

आणि इथंच आपली मंडळी घोळ घालतात. 'जार पडू दे, मग पाजू.' माझी चुलती अजून हेच म्हणते. गाय रात्री अकराला व्यायली, जार पडली सकाळी सातला, तोवर वासरू कोपऱ्यात पोतं चाटत उभं. अहो, जार पडायला आठ-बारा तास लागू शकतात! बरं, गंमत बघा. वासरू कासेला ढुशा देतं तेव्हा गाय पान्हा सोडते ती ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळं (हार्मोनमुळं). तेच ऑक्सिटोसिन गर्भाशय आवळतं, म्हणजे जार सुटायला मदतच होते. तुम्ही ज्याची वाट बघताय, ते चीक पाजण्यानंच लवकर होतं.

आता दुसरे, खरवसवाले. शेजारीपाजारी तांब्या घेऊन दारात हजर. खरवस मलाही आवडतो, वेलची-जायफळ घातलेला तर फारच. पण पहिल्या धारेचा चीक सगळ्यात ताकदीचा, पुढच्या वेळी ती ताकद जवळपास निम्म्यावर येते. वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा धरा. ३० किलोचं वासरू असेल तर ३ लिटर, त्यातला निम्मा लगेच आणि उरलेला बारा तासांच्या आत. मग तांब्या भरा. शेजाऱ्याला नाही म्हणायला जड जातं, मान्य, पण म्हणा.

वासराला चोखता येत नसेल तर निपलची बाटली घ्या, आणि बाटली कासेच्या उंचीला धरा. मान वर करून घशात ओतू नका. ठसका लागला की चीक फुप्फुसात जातो, आणि हगवणीऐवजी न्यूमोनिया घेऊन बसाल.

हां, हगवण. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांत सपाट झाली नाही तर अंगातलं पाणी संपत चाललंय. दूध तोडू नका. दोन दुधांच्या मधे कोमट पाण्यातून ओआरएस पाजत राहा. डाळिंबाची साल वगैरे त्यानंतर. हगवणीत रक्त दिसलं, वासरू उठेना किंवा चोखेना, तर काढा उकळत बसायचं नाही, डॉक्टरला फोन करायचा.

शेवटची कमेंट घेतो, 'गाय दगावली, चीक कुठून आणू?' चांगला प्रश्न. दुसरी गाय व्यायली की वासराचं भागवून उरलेला पहिल्या धारेचा चीक स्वच्छ बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवा, सहा महिने आरामात टिकतो. लागेल तेव्हा बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवून वितळवा. घाईघाईनं गॅसवर चढवलात तर भांड्यात खरवस तयार होईल, तो खायला मला बोलवा.