एक वळकटी जास्तीची

(परदेशातल्या मराठी मंडळाच्या दसरा मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीतले सगळे, जमलेल्या ताई-दादांनो आणि मागच्या रांगेत दाटीवाटीनं बसलेल्या विद्यार्थ्यांनो, नमस्कार. आज दारातच सगळ्यांना आपट्याची पानं मिळाली. इथं ती कुठून आणली हे समितीलाच ठाऊक, पण हातात पान पडलं आणि मला माझ्या थोरल्या चुलत्यांचे, आमच्या तात्यांचे, हात आठवले. आज त्यांच्याबद्दलच बोलणार आहे.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. सांगली म्हटलं की लोकांना कृष्णाकाठ, हळद आणि ऊस आठवतो. आमच्याकडं तसलं काही नव्हतं. आमचा भाग पर्जन्यछायेतला. ढग यायचे आणि तसेच पुढं निघून जायचे. आता टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलंय, द्राक्षं-डाळिंबं दिसतात, पण मी सांगतोय ती गोष्ट १९७२ च्या दुष्काळापासून सुरू होते. घरातली कर्ती माणसं तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. तात्यांनीही फोडली. पुढच्या उन्हाळ्यात एका गाववाल्याचा निरोप आला, 'पोरगा पाठवा', आणि तात्या एक पिशवी घेऊन मिरजेला रेल्वेत बसले. उतरले थेट कोइमतूरला. तमिळचा एक शब्द येत नव्हता.

विटा, खानापूर, आटपाडी या भागातल्या माणसांना 'गलाई' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. देशभरातल्या सराफ पेठांमध्ये आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायची दुकानं चालवतात. बाकीच्यांसाठी काम कसं चालतं ते सांगतो, कारण मी ते जवळून पाहिलंय. जुना दागिना शुद्ध करायचा तर आधी त्यात सोन्याच्या तिप्पट चांदी घालून मुशीत वितळवतात. तो रस पाण्यात ओतला की त्याचे दाणे होतात. मग ते दाणे नायट्रिक ॲसिडमध्ये घालून तापवायचे. चांदी आणि तांबं ॲसिडमध्ये विरघळतं आणि तळाला सोनं राहतं. पण तेव्हा ते सोन्यासारखं दिसतच नाही. तपकिरी, काळपट भुकटी असते, ओढ्याच्या गाळासारखी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. गिऱ्हाइकाचा दागिना वाया गेला असं वाटून माझं तोंड उतरलं. तात्यांनी ती भुकटी पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतली, टाकणखार घालून भट्टीत धरली, आणि मुशीत पिवळाधमक थेंब थरथरायला लागला. विरघळलेली चांदीसुद्धा वाया जात नाही. त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की ती परत मिळते.

तात्या गावाकडं यात्रेला यायचे तेव्हा त्यांची बोटं पिवळी असायची. लहानपणी मला वाटायचं, तिकडंही हळदीचा धंदा असेल. पुढं सांगलीला विलिंग्डन महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकत असताना प्रयोगशाळेत माझ्याच बोटावर ॲसिडचा थेंब सांडला. सरांनी लगेच नळाखाली हात धरायला लावला. डाग मात्र राहिला. सर म्हणाले, ॲसिडची कातडीतल्या प्रथिनांशी क्रिया होते, आता जुनी कातडी झडेपर्यंत हा पिवळेपणा जायचा नाही. मी बोटाकडं बघत उभा राहिलो. तात्यांची कातडी झडून नवी यायची तोवर नवा डाग पडलेला असायचा. तीस वर्षं ते तसं चाललं होतं, आणि त्याच पैशातून माझी फी भरली जात होती.

दाणे ॲसिडमध्ये पडले की लालसर तपकिरी धूर उठतो. तो छातीला फार वाईट. तेव्हाच्या दुकानांत एक खिडकी आणि एक पंखा, एवढाच बंदोबस्त असायचा. शेवटची काही वर्षं तात्यांना जिना चढवत नव्हता. मी दहावीनंतर दुकानात येतो म्हणालो होतो, तेव्हा त्यांनी एका वाक्यात विषय संपवला होता: "ह्या धुरात आपल्या घरातला मीच शेवटचा." त्यांना माझी हुशारी दिसली असेल असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. त्यांनी मला कशापासून लांब ठेवलं होतं ते फार उशिरा कळलं. त्याबद्दल त्यांच्याशी बोलायचं राहून गेलं, ही खंत मला आजही आहे.

आता ज्या गोष्टीसाठी उभा राहिलोय ती सांगतो. त्यांच्या दुकानाला वर एक पोटमाळा होता. तिथं ते आणि दोन कामगार झोपायचे. वळकट्या मात्र चार असायच्या. चौथी कायम दोरीनं बांधून कोपऱ्यात. मी सुट्टीत गेलो होतो तेव्हा विचारलं, ही कोणाची? म्हणाले, "येणाऱ्याची." कोण येणार हे त्यांनाही माहीत नसायचं. पण गावाकडून कोणीतरी पोरगा येणारच, रात्री-अपरात्री येणार, आणि त्यानं त्या रात्री फलाटावर झोपता कामा नये, एवढं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "माणूस आला की आदी जेवाय घालायचं. कुठला, कुणाचा, ते जेवल्यावर इचारायचं." ती वळकटी किती जणांनी वापरली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. त्यातले काहीजण त्यांच्याकडंच काम शिकले आणि त्याच पेठेत वेगळं दुकान काढून बसले. तात्या त्यांच्या दुकानपूजेला नारळ घेऊन जायचे.

त्यांचं शिक्षण नववीपर्यंत, 'रयत'च्या शाळेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची. मुलांच्या धान्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. जन्मभर दुसऱ्यांचं सोनं तोलणारे तात्या ही गोष्ट सांगताना थांबायचे, पुढं बोलता यायचं नाही त्यांना. मला वाटतं, त्यांची चौथी वळकटी तिथून आलेली होती.

मी या देशात आलो तेव्हा ज्या खोलीची अनामत भरली होती, ती खोली नव्हतीच. फसवणूक झाली होती. दोन बॅगा, कडाक्याची थंडी, आणि घरी फोन करायची हिंमत नाही. वर्गातल्या एकानं एका मराठी कुटुंबाचा नंबर दिला. दार उघडल्यावर वहिनींनी काही विचारलं नाही, पिठलं-भात वाढला. तीन आठवडे त्या घरात राहिलो. त्या वहिनी आज इथं बसल्या आहेत, नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही. त्या रात्री गादीवर पडल्यावर मला कोइमतूरचा पोटमाळा आठवला, आणि तात्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती तरी पहिल्यांदा मोकळेपणानं रडू आलं.

दरवर्षी सप्टेंबरात आपल्याकडची पोरं इथं उतरतात. खानापूर, माण, खटाव, जतची, शेतावर कर्ज काढून आलेली. पहिला महिना फार कठीण असतो त्यांना. गणपती आणि दिवाळी आपण छान करतो, मला त्याचा अभिमान आहे. पण पहिल्या रात्रीची सोय अजून आपण मंडळ म्हणून केलेली नाही, आणि ती करायला निधी लागत नाही.

दाराशी, पानांच्या ताटाशेजारी एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी एक गादी अंथरायला जागा आहे, त्यांनी त्यात नाव आणि फोन लिहावा. पहिलं नाव आमचं आहे. आमची वरची खोली तयार आहे, किल्ली शेजाऱ्यांकडं असते, रात्री दोनला आलात तरी चालेल. आणि मागच्या रांगेत साताऱ्याची दोन मुलं बसली आहेत, परवाच आली आहेत. जेवायला बसताना त्यांना आपल्या टेबलावर बोलवा. कुठली, कुणाची, ते जेवल्यावर विचारा.