पट्टा, वजन आणि तारीख

(इंदूरमधल्या मराठी श्रोत्यांपुढे एका पशुवैद्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, एका जुन्या वाड्याच्या मागच्या अंगणात मी एका कुत्रीचा पट्टा कापला होता. खरं तर मांसातून सोडवला. पिल्लू असताना बांधलेला नायलॉनचा पट्टा कुणी सैल केलाच नव्हता. मान वाढली, कातडी पट्ट्यावर चढली, खाली पू साचला. मालक म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आम्ही तिला कधी बोटसुद्धा लावलं नाही." ते खरं होतं, आणि कायद्याने गुन्हा तोच आहे.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा. भरतनाट्यमच्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत त्यासाठी नेट लावला होता. त्याच्या कलम 11 मध्ये मारहाणीइतकंच दुर्लक्षही येतं. आखूड किंवा जड साखळीने तासन् तास बांधणं, अन्न, पाणी, निवारा न देणं, आणि कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मोकळं न फिरवणं. या शेवटच्या पोटकलमात कुत्र्याचं नाव घेऊन लिहिलंय. होळकरांचं कुलदैवत खंडोबा, त्याच्या पायाशी कुत्रा असतो. होळकरांच्या या इंदुरातच गच्चीवरच्या पत्र्याखाली वर्षानुवर्षं बांधलेली कुत्री मी पाहतो, तेव्हा पोटात तुटतं.

पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. हे ऐकलं की लोक हात टेकतात. टेकू नका. गुन्हा सिद्ध झाला आणि तो प्राणी परत त्याच हाल-अपेष्टांत जाईल असं पुराव्यावरून दिसलं, तर कलम 29 खाली न्यायालय तो मालकाकडून काढून घेऊ शकतं. पुढे कुठलाही प्राणी बाळगायला बंदी घालू शकतं. आपल्याला हवं आहे ते हे.

आता झुंजींचं. इथे अर्जाची भाषा फार जपावी लागते. आपल्या ठाण्यात अर्ज हिंदीत जातो आणि पहिला प्रश्न येतो, "संज्ञेय है क्या?" म्हणजे दखलपात्र आहे का, पोलीस न्यायालयाच्या हुकुमाविना स्वतः तपास करू शकतात का. करमणुकीसाठी प्राण्याला झुंजायला चिथावणं अदखलपात्र आहे. पण झुंजीसाठी जागा ठेवणं, ती चालवणं, आत सोडायला पैसे घेणं कलम 31 प्रमाणे दखलपात्र आहे. म्हणून "कुत्रे लढवतात" एवढंच लिहून थांबू नका. जागा कुठली, ती कोणाच्या ताब्यात, आत जायला कोण पैसे घेतं, यातलं जे स्वतः पाहिलं असेल ते लिहा. कुत्रा मेला किंवा पंगू झाला असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

रस्त्यावरच्या भांडणात पळणाऱ्या कुत्र्याला मागून चावे बसतात, मांडीवर, शेपटीपाशी. झुंजवलेल्याच्या जखमा बहुधा तोंडावर, मानेवर, पुढच्या पायांवर दाटलेल्या असतात, आणि त्यांचं वय वेगवेगळं असतं: एक ओली, एक खपली धरलेली, एक पांढरा व्रण. एवढ्यावरून झुंज सिद्ध होत नाही, पण संशयाला आधार मिळतो. म्हणून मलम लावण्याआधी जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. तुमची कळकळ मला कळते, पण जखम धुतली की पुरावाही धुतला जातो. रक्त वाहत असेल तर अर्थातच आधी जीव.

उपाशी कुत्र्याचं वजन पहिल्याच दिवशी करा. मालक हमखास म्हणतो, "आजारी होता, अंगी लागत नव्हतं." त्या पट्टा रुतलेल्या कुत्रीला आम्ही फक्त साधं जेवण दिलं, थोडं थोडं, दर दोन दिवसांनी काट्यावर घेतलं आणि प्रत्येक आकड्यापुढे सही केली. नुसत्या जेवणाने वजन चढत गेलं. मालकाच्या म्हणण्याला उत्तर त्या वहीत होतं.

तरीही प्रकरण न्यायालयात उभं राहिलं नाही. कलम 36 प्रमाणे या कायद्याखालचा खटला गुन्ह्यापासून तीन महिन्यांत दाखल व्हावा लागतो. आम्ही मालकाला समजावत बसलो, मग अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, आणि मुदत टळली. कुत्री त्यांनी परत नेली. ती वही माझ्याकडे आहे. शेवटची नोंद तिला नेलं त्या सकाळची.