मागचं दार

ही नदी पाहा. पुलाच्या अलीकडे हिचं नाव टकोआ, पलीकडे ओकोई. अलीकडचं गाव मॅकेझव्हिल, अमेरिकेतलं राज्य जॉर्जिया. पलीकडचं कॉपरहिल, राज्य टेनेसी. सीमा किराणा दुकानाच्या पार्किंगमधून जाते, आणि तिथे ती चक्क रंगाने आखलेली आहे.

मागे दिसतायत ते तांब्याच्या खाणींचे डोंगर. गंधकाच्या धुराने हे रान पार करपलं होतं, आता कुठे हिरवं झालंय. खाणकामगारांची वस्ती, रविवारी चर्च, सगळे सगळ्यांना ओळखणारे. अशा गावांत लग्नाआधी मुलीला दिवस गेले, की ती ‘मावशीकडे’ जायची. त्यांतल्या काही इथे यायच्या. ही विटांची इमारत म्हणजे डॉक्टर थॉमस हिक्स यांचा दवाखाना.

पुढचं दार पेशंटचं. आपण मागे जाऊ.

मुलीच्या राहण्याची सोय डॉक्टरच करत. कुणी त्यांच्या शेतावर, कुणी पलीकडच्या हॉटेलात. बाळंतपण दवाखान्यात. मग उत्तरेला फोन जायचा, बऱ्याचदा ओहायोतल्या ॲक्रनला. ते टायर कारखान्यांचं शहर. तिथल्या मूल नसलेल्या जोडप्यांना हा पत्ता तोंडोतोंडी कळलेला. जोडपं गाडीने यायचं, या दाराशी पैसे मोजायचं, कधी हजार डॉलरपर्यंत, आणि बाळ घेऊन निघायचं.

आता हा कागद नीट बघा. जन्मदाखला. आईच्या रकान्यात नाव आहे ते बाळ नेणारीचं. दत्तकविधान नाही, कोर्ट नाही. डॉक्टरची सही आहे, सरकारदरबारी नोंद आहे आणि मजकूर खोटा. जिने जन्म दिला ती कागदावर आलीच नाही. 1950 आणि 1960 च्या दशकांत 200 हून जास्त बाळं अशी गेली. काही आयांना तर बाळ मेलेलंच जन्मलं असं सांगितलं गेलं, असं म्हणतात.

1964 मध्ये डॉक्टरांचा परवाना गेला, तोही बेकायदा गर्भपाताच्या प्रकरणात. बाळं विकल्याचा खटला कधी झालाच नाही. 1972 मध्ये ते वारले.

प्रकरण फुटलं 1997 साली. बाळ असताना इथूनच विकल्या गेलेल्या एका बाईंनी शोध लावून धरला होता. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, न्यायाधीशबाईंनी नोंदवह्या काढल्या, तर पानापानावर तेच: जन्म मॅकेझव्हिलचा, आईबाप ओहायोचे. 2014 पासून डीएनए चाचण्या झाल्या. कुणाला भाऊ सापडला, कुणाला चुलत बहीण. बरेच जण अजून शोधतायत.

2025 मध्ये जॉर्जियाने कायदा केला: दत्तक गेलेल्यांना सज्ञान झाल्यावर मूळ जन्मदाखला मिळेल. चांगलाच कायदा आहे. पण यांचा मूळ दाखला म्हणजे हाच, मघाशी पाहिलेला. उत्तर आहे ते या दोन गावांतल्या आणि आसपासच्या घरांत, कुणाच्या आत्याकडे, कुणाच्या आजीकडे. आणि हा त्यांच्यासाठी डीएनए चाचणीचा संच. नळीत थुंकायचं, झाकण लावायचं, पोस्टात टाकायचं. पाच मिनिटांचं काम आहे.